‘आरसा-रेणू’: कोणाचा आरसा?

विचारणा अशी आहे: ‘मेंदूतल्या डोपामिनची नक्कल करणारे आरसा-रेणू प्राण्यांचं वागणं बदलतात’ या वाक्यात ‘आरसा-रेणू’ चालेल का, की सरळ ‘डावा रेणू’, ‘उजवा रेणू’ म्हणावं?

‘आरसा-रेणू’ कानाला गोड आहे, पण इथे फसवतो. वाचकाला वाटेल, हे डोपामिनचं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या त्या रसायनाचं प्रतिबिंब. डोपामिनला तसं वेगळं प्रतिबिंबच नाही; आरशात पाहा, तोच रेणू दिसतो. डाव्या-उजव्या हातांसारखी जोडी असते ती त्याचं सोंग घेणाऱ्या औषधाची. ॲपोमॉर्फिन घ्या. त्याचं एक रूप उंदराला टोचलं की तो सारखा हुंगत राहतो, चाटतो, मान खाली घालून पिंजऱ्याची तार कुरतडत बसतो. कबूतर असेल तर दाणा नसतानाही टोचा मारत सुटतं. त्याच अणूंच्या दुसऱ्या, प्रतिबिंबरूपाने ही कुरतड सुरू होत नाही. कारण पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर, म्हणजे असे रेणू जिथे येऊन बसतात ती जागा) स्वतःच एका ‘हाताच्या’ अमिनो आम्लांचा बनलेला. डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यासारखं होतं: लांबी तीच, पट्टा तोच, अंगठा मात्र बसत नाही.

मग डावा-उजवा का नको? कल्पना तर हाताचीच आहे. लॉर्ड केल्व्हिन या भौतिकशास्त्रज्ञाने ‘कायरल’ (आपल्या प्रतिबिंबाशी न जुळणारा) हा शब्द ग्रीकमधल्या ‘हात’ या शब्दावरूनच काढला. पण घोळ बघा. ॲपोमॉर्फिनचं कामाचं रूप म्हणजे रचनेच्या नियमाने ‘आर’, लॅटिन रेक्टस, उजवं. तेच रूप ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश डावीकडे वळवतं. डेक्स्ट्रोॲम्फेटामीन या उत्तेजक औषधाचं उलट: प्रकाश उजवीकडे वळवतं म्हणून ‘डेक्स्ट्रो’, आणि रचनेच्या नियमाने ‘एस’, सिनिस्टर, म्हणजे डावं! एक नाव अणूंच्या मांडणीवरून, दुसरं प्रकाशाच्या वळणावरून. ‘उजवा रेणू’ लिहिलंत तर नेमका कोणत्या अर्थाने उजवा? प्रकाशापुरते ‘दक्षिणवलनी’ आणि ‘वामवलनी’ हे शब्द आपल्याकडे आहेत आणि चांगले आहेत. ते तिथेच ठेवावेत.

कोणी ‘सव्य-अपसव्य’ सुचवेल. नको. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुख्यतः डावा (सव्यसाची अर्जुन आठवा), आणि आपण देवाला सव्य घालतो ते त्याला उजव्या हाताला ठेवून. शब्दकोश उघडून बसायचं हे सव्यापसव्य वाचकाने का करावं? केल्व्हिनच्या धर्तीवर ‘हस्ती रेणू’ केला, तर तो थेट सोंड हलवत येईल.

माझी पसंती ‘प्रतिबिंबरूपे’ला, तीही जोडीबद्दल बोलतानाच. त्यांत बिंब कुठलं आणि प्रतिबिंब कुठलं हे ठरलेलं नसतं, म्हणून पहिल्यांदा ‘एकमेकांची’ हा शब्द गाळू नये.

राहिली ‘नक्कल’. नक्कल करणारा नकलाकार आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तर हसू येतं. इथे ग्राही खरोखर फसतो आणि डोपामिनच आला असं समजून कामाला लागतो. यासाठी आपल्याकडे पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या प्रकरणाने घराघरांत गेलेला शब्द आहे: तोतया. शोधनिबंधात तो जरा नाटकी वाटेल, तिथे ‘डोपामिनसारखं काम करणारा’ लिहा. लोकांसाठीच्या लेखात मी बिनदिक्कत असं लिहीन:

‘एकमेकांची प्रतिबिंबं असलेल्या या दोन रेणूंपैकी एकच डोपामिनचा तोतया ठरतो, तो दिला की उंदीर तार कुरतडू लागतो.’