गाडीतला टेप मधेच बंद पडतोय? आधी अर्थिंग बघ

भावा, लगेच नवा टेप घेऊ नको. खड्ड्यात आदळल्यावर बंद आणि परत आपोआप चालू, म्हणजे बहुतेक वायरच ढिली. चालू झाल्यावर घड्याळ, स्टेशनं पुसली गेली असतील तर पिवळी (बॅटरीचा कायमचा करंट) किंवा काळी (अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जोडलेली) तपास. शाबूत असतील तर लाल, चावी फिरवल्यावर करंट येणारी. (रंग बाहेरून बसवलेल्या टेपचे, गाडीच्या मूळ वायरिंगचे वेगळे असतात.) टेप चालू ठेवून एकेक वायर हळूच हलव.

माझा गगनबावड्याच्या घाटात दर वळणाला गप्प व्हायचा. काळी वायर पत्र्यावरच्या रंगावरच स्क्रूनं आवळलेली! पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, गोल टर्मिनल लावून घट्ट आवळली, झालं. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी दिसली तर ती सोल्डर कर. फ्यूजच्या जागी तार मात्र घालू नको लेका, गाडी पेटंल.