मेंडेल्सोनचं आयुष्य ओपस क्रमांकांवरून लावू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची मीच मला आठवले. तुम्हाला श्रवणगटात एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकार मेंडेल्सोनवर बोलायचंय. ‘रिफॉर्मेशन’ ही त्याची पाचवी सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना), ओपस म्हणजे कृतिक्रमांक १०७, म्हणजे शेवटची. मग ती तिसऱ्या ‘स्कॉटिश’पेक्षा कच्ची का वाटते, शेवटी तो थकला होता का, असं तुम्ही विचारलंय. तो थकला होता हे खरं. पण ही सिंफनी त्या थकव्यातली नाहीच. ती १८३० ची आहे, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. ‘स्कॉटिश’ पूर्ण झाली १८४२ मध्ये.

मी नेमकी इथेच फसले, आणि तेही छापील पत्रकात. थोरली बहीण फॅनी मे १८४७ मध्ये गेली, नोव्हेंबरात अडतिसाव्या वर्षी हाही गेला. या सहा महिन्यांभोवती मी अख्खं व्याख्यान रचलं. ज्या कृतीचा क्रमांक मोठा ती या दुःखातली, असं धरून चालले. ‘इटालियन’ ही चौथी सिंफनी ओपस ९० आहे ना, मग म्हटलं, बहीण गमावलेला माणूस तरुणपणीचं इटलीतलं ऊन आठवतोय. ऐकायला छान वाटलं, टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या रांगेतले एक वयस्कर व्हायोलिन शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, “ही सिंफनी १८३३ मध्ये लंडनला वाजली आहे. तीही त्याच्याच संचालनाखाली.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॅनीच्या संगीतावरचं माझं दुसरं व्याख्यान ठरलं होतं, ते आयोजकांनी पुढे ढकललं आणि नंतर कधी झालंच नाही. त्याची खंत अजून आहे.

खरं तर दोन महिने आधीच मला शंका आली होती. एका ग्रंथालयात संदर्भग्रंथ होता. कार्यालयात विचारलं तर म्हणे सभासदांनाच मिळेल. सभासदत्वाला संस्थेचं पत्र हवं. पत्र नेलं तर सही करणारे रजेवर. चार खेपा घातल्या. पुस्तक हातात आलं ते व्याख्यान होऊन गेल्यावर. कपाटात दिसणारं पुस्तक दहा मिनिटं चाळू दिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? असो, पण शंका असताना पत्रक छापायला दिलं ते मीच.

तर मुद्दा असा: त्याने स्वतः दिलेले क्रमांक साधारण ७२ पर्यंतच. त्यापुढचे त्याच्या मृत्यूनंतर चिकटवलेले. ओपस १०५ चा पियानो सोनाटा त्याने बाराव्या वर्षी लिहिलाय! सिंफन्यांचा खरा क्रम पहिली, पाचवी, चौथी, दुसरी, तिसरी. तारखांसाठी २००९ मध्ये आलेली राल्फ वेनर यांची एमडब्ल्यूव्ही ही मेंडेल्सोनच्या कृतींची सूची वापरा. तिच्यात सिंफन्यांच्या ‘एन’ गटात ‘रिफॉर्मेशन’ एन १५, ‘इटालियन’ एन १६, ‘स्कॉटिश’ एन १८ अशी सरळ ओळ लागते.

माझ्या मते या उलट्यापालट्या क्रमांकांतच त्याचा स्वभाव दिसतो. ‘इटालियन’ लंडनमध्ये वाजली, तरी तो ती पुन्हा दुरुस्त करत बसला आणि छापायला दिलीच नाही. ती छापली गेली १८५१ मध्ये. ‘रिफॉर्मेशन’ तर त्याला नकोशीच झाली होती, ती निघाली १८६८ मध्ये. म्हणून मोठा क्रमांक दिसला की म्हातारपण शोधू नका, त्याची स्वतःवरची नाराजी शोधा. मी संगीतशास्त्र शिकलेली नाही, नुसती ऐकणारी आहे. जाणकारांनी खोडून काढलं तर ऐकेन.

दुसऱ्यांच्या बाबतीत मात्र हा माणूस इतका उदार! विसाव्या वर्षी बर्लिनमध्ये आधीच्या शतकातल्या बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही समूहगायनाची भव्य कृती उभी केली. १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाची धुरा. संगीतकार शूबर्ट वारून दहा वर्षं झाली होती, त्याची थोरली सी मेजर सिंफनी मेंडेल्सोनचा समकालीन संगीतकार शूमान याला व्हिएन्नात सापडली. ती १८३९ मध्ये पहिल्यांदा वाजवली मेंडेल्सोननेच. दोन वर्षांनी शूमानची पहिलीही. त्यामुळे त्याच्या वाद्यवृंद-संचालनाला ‘जोडधंदा’ म्हणून दोन वाक्यांत उरकू नका. श्रीमंत बँकरचा लाडका मुलगा, सगळं आयतं मिळालेला, हे पालुपद तर मला सहनच होत नाही.

आणि बहिणीचं दुःख सांगायचंच असेल तर एफ मायनर स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) घ्या, ओपस ८०. क्रमांक मरणोत्तरच, पण ही कृती खरोखर १८४७ च्या उन्हाळ्यातली, स्वित्झर्लंडमध्ये लिहिलेली. सुरुवातीपासूनच तंतूंना कंप सुटतो. माझ्या व्याख्यानात हिच्यासाठी एक ओळही नव्हती. तुम्ही अख्खी ऐकवा, अर्ध्या तासाच्या आत संपते.

पत्रक छापायला टाकलं असेल तर आजच फोन करून थांबवा.