पणजोबांचे मृत्युपत्र कोठे शोधावे?

प्रश्न : माझे पणजोबा इंग्लंडमध्ये स्थायिक झाले होते आणि १९११ साली तेथेच वारले. त्यांचा मृत्यूचा दाखला मिळाला. परंतु त्या वर्षीच्या प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवून मिळकतीची व्यवस्था लावण्याचा अधिकार देणाऱ्या न्यायालयीन मंजुरीच्या, सूचीत त्यांचे नाव नाही. त्यांनी मृत्युपत्र केलेच नव्हते, असे समजावे काय?

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेट देण्याचे काम १२ जानेवारी १८५८ पासून चर्चच्या न्यायालयांकडून काढून सरकारी न्यायालयाकडे सोपवण्यात आले, आणि तेव्हापासूनची वार्षिक सूची दोन्ही प्रदेशांसाठी एकच आहे. मात्र ती मृत्यूच्या नव्हे, तर प्रोबेट मंजूर झाल्याच्या वर्षाप्रमाणे लावलेली असते. वारसांत वाद असेल किंवा एखादी मिळकत मागाहून उघडकीस आली असेल, तर मध्ये कित्येक वर्षे जातात. म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षे ओळीने पाहावीत; पणजीच्या निधनानंतरची वर्षे तर अवश्य पाहावीत, कारण पतीच्या नावावर राहून गेलेली मिळकत कधीकधी तेव्हाच मार्गी लावली जाते. आपल्याकडील नावांत आडनाव कोणते हे कारकुनाला उमगेलच असे नाही, तेव्हा पहिल्या नावाखाली आणि वडिलांच्या नावाखालीही शोध घ्यावा.

नोंद सापडली, तर तिच्यात मृत्यूची तारीख, पत्ता, मिळकतीची किंमत आणि अधिकार कोणाला मिळाला हे दिलेले असते. मृत्युपत्र नसताना वारसाला दिलेल्या अधिकारपत्राची नोंदही याच सूचीत असते. मिळकत अगदी थोडी असेल, तर प्रोबेटची गरजच पडत नसे.

मृत्युपत्राची प्रत हाती आल्यावर ती घाईने वाचू नये. एखाद्या मुलाचे नाव त्यात नसले की बापलेकांचे बिनसले होते, असा तर्क अनेक जण करतात. तो मला फार धोक्याचा वाटतो, कारण त्या मुलाला त्याचा वाटा व्यवसायाच्या किंवा लग्नाच्या वेळीच मिळालेला असू शकतो. साक्षीदारांची नावे मात्र जरूर टिपून ठेवावीत; ते बहुधा शेजारी किंवा वकिलाचे कारकून असत, आणि त्यांवरून पुढचा पत्ता लागतो.

इतके करूनही काही हाती लागले नाही, तर नात्यातील अविवाहित किंवा निपुत्रिक व्यक्तींची मृत्युपत्रे पाहावीत. अशा व्यक्ती आपली मिळकत भाचे-पुतण्यांना नावानिशी वाटून देतात आणि विवाहित भाच्यांची सासरची आडनावेही लिहितात. वंशावळीतील रिकाम्या जागा माझ्या मते याच कागदांनी सर्वांत चांगल्या भरून निघतात.