निकाल आणणाऱ्या टूलचं वर्णन

प्रश्न : बारावीचा निकाल आणून देणारं टूल (छोटा प्रोग्राम) आम्ही एआय एजंटला, म्हणजे अशी टूल्स स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयला, जोडलं. वर्णन एवढंच : ‘निकाल दाखवते’. एजंट कधी चुकीचा बैठक क्रमांक पाठवतो, कधी गैरहजर मुलाला नापास ठरवतो. काय बदलावं?

उत्तर : एजंटला तुमचा कोड दिसत नाही, वर्णनच दिसतं. बैठक क्रमांकाचा प्रकार ‘स्ट्रिंग’ (मजकूर) ठेवा. ‘इंटिजर’ (पूर्णांक) ठेवलात तर सुरुवातीचं अक्षर किंवा शून्य गळतं. नमुनाही द्या : एक मोठं इंग्रजी अक्षर, पुढे सहा अंक. मुलं ‘०४५’ असे देवनागरी अंकही टाइप करतात, ते टूलमध्येच बदलून घ्या. आईचं नाव हॉलतिकिटावर असेल तसंच घ्यावं, अंदाजाने भरू नये, हे स्पष्ट लिहा. वर्ष आणि सत्र (मुख्य की पुरवणी) ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) करा.

खरा घोळ टूलकडून एजंटला परत येणाऱ्या उत्तरात होतो. गैरहजेरीसाठी ० किंवा रिकामी जागा पाठवू नका. ‘स्थिती : गैरहजर’ असं वेगळं फील्ड हवं. ‘क्रमांक सापडला नाही’, ‘निकाल अजून जाहीर नाही’ आणि ‘सर्व्हर बंद’ हे तीन वेगळे एरर द्या. प्रत्येकापुढे एजंटने काय करायचं तेही लिहा : पहिल्यात क्रमांक पुन्हा विचारायचा, दुसऱ्यात थांबायचं. नाहीतर निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीला ‘तुमचा क्रमांकच नाही’ असं ऐकावं लागतं.