आधी दुखणं सांग, मग कीबोर्ड ठरवू

इंदूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

स्प्लिट कीबोर्ड, म्हणजे दोन हातांसाठी मधून दुभागलेला, घ्यावा की साधाच चालू ठेवावा, असं तू विचारलंस. दिवसभर सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात कोड आणि रात्री घरी मंडळाच्या स्मरणिकेचा मराठी मजकूर, एवढं टायपिंग रोज होत असेल तर हा प्रश्न पडायलाच हवा. पण तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. दुखतं नेमकं कुठे आणि केव्हा? त्यावर जवळजवळ सगळं ठरतं.

मनगट करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर स्प्लिटचा उपयोग होण्याची शक्यता खरी आहे. साध्या कीबोर्डवर दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर असतं, म्हणजे एफ आणि जे यांच्यात जेमतेम ५७ मिलिमीटर. दोन्ही हात खांद्यांपासून येऊन इतक्या जवळ आणायचे आणि बोटं मात्र सरळ पुढे ठेवायची, तर मनगट बाहेरच्या बाजूला मुडपावंच लागतं. कीबोर्डचे दोन भाग लांब केले की ते मुडपणं जातं. हाताच्या वरच्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत ओढ बसत असेल तर मनगट वर उचललेलं राहतंय असं समज. त्याला बहुतेक वेळा कीबोर्डखालचे दोन पाय कारण असतात. ते आजच मिटव. उजवा खांदाच तेवढा दुखत असेल तर दोष बहुधा माउसचा आहे. उजवीकडचा आकड्यांचा भाग माउसला सुमारे ८ सेंटीमीटर बाहेर ढकलतो. तो भाग नसलेला साधा कीबोर्ड घेतलास तर पुष्कळदा तेवढ्याने काम भागतं आणि खर्चही थोडा.

दोन लक्षणांना मात्र कीबोर्ड हे उत्तर नाही. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातून जाणारी मधली नस दाबली जात असू शकते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुधा कोपराजवळची नस. खुर्चीच्या हातावर किंवा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय आहे का ते बघ. दोन्हींसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. स्प्लिटमुळे मनगटाचा कोन सुधारतो हे खरं आहे, पण त्याने नसेचा आजार बरा होईल अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नकोस.

आता टेबल. आपल्याकडची टेबलं साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात. टायपिंगसाठी ही उंची बहुतेकांना जास्त पडते. खुर्चीत ताठ बस, हात मोकळे सोड, कोपर काटकोनात दुमड आणि जमिनीपासून कोपराची उंची मोज. बटणांचा वरचा पृष्ठभाग त्या उंचीला किंवा २-३ सेंटीमीटर खाली हवा. टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घे आणि पायांखाली पाट ठेव. पाय लोंबकळत राहिले तर कंबर धरते, म्हणून पाट विसरू नकोस. ही उंची चुकलेली असताना महागातला महाग स्प्लिट आणलास तरी खांदे वर चढलेलेच राहतील. उलट जास्तच चढतील, ते कसं ते पुढे सांगतो.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करून बघ. आकड्यांचा भाग नसलेले दोन छोटे साधे कीबोर्ड मित्रांकडून मागून आण आणि दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोड. डाव्या कीबोर्डवर फक्त डावा हात, उजव्यावर फक्त उजवा. विंडोज आणि लिनक्सवर एका कीबोर्डवरची शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू होते. मॅकवर ती आपोआप लागू होत नाही, त्यासाठी कॅराबिनर-एलिमेंट्स हे सॉफ्टवेअर लागतं. बाणांची आणि एफ-१ ते एफ-१२ ही बटणं नसलेल्या, ‘साठ टक्केवाल्या’ छोट्या कीबोर्डची रुंदी २९ सेंटीमीटरच्या आसपास असते. असे दोन कडेला कड लावून ठेवले की डावीकडच्या एफपासून उजवीकडच्या जेपर्यंत ३५ सेंटीमीटर भरतात. बहुतेकांच्या खांद्यांना हे अंतर जुळतं. मोठे, आकड्यांचा भाग असलेले कीबोर्ड घेतलेस तर हे अंतर अर्ध्या मीटरवर जातं आणि मनगट उलट्या बाजूला मुडपतं. मग चाचणीचा निष्कर्ष खोटा येतो.

आठवडाभर रोज तासभर असं टाइप कर. दुखणं कमी झालं तर स्प्लिट घे. काहीच फरक पडला नाही तर तेच पैसे खुर्चीत घाल. या चाचणीत आणखी एक गोष्ट कळते: कोणतं बटण तू कोणत्या हाताने दाबतोस. बी हे बटण जवळजवळ सगळ्या स्प्लिटवर डाव्या भागात असतं आणि कितीतरी जण ते उजव्या तर्जनीने दाबतात. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, बीवर ‘व’ आहे. ‘विवेक’, ‘सावली’, ‘वेळेवर’ असे शब्द टाइप करताना उजवं बोट उजव्या कीबोर्डवरच्या बीकडे जायला लागलं की सवय लगेच लक्षात येईल. ६ चं बटण डावीकडे की उजवीकडे हे कंपनीगणिक बदलतं, आणि इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह त्यावर ‘त्र’ आहे, तेव्हा घेण्याआधी तेही बघ.

स्प्लिट म्हणून जे विकलं जातं ते सगळं एकसारखं नसतं. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये नॅचरल कीबोर्ड आणला, त्या जातीचे कीबोर्ड एकसंध पण मध्ये फाकलेले आणि उंचावलेले असतात. लॉजिटेकचा अर्गो के८६० त्यातलाच. शिकायला फार सोपे, पण कोन ठरलेला आणि उजवीकडे आकड्यांचा भाग, म्हणजे माउस पुन्हा लांब. दुसरी जात म्हणजे दोन वेगळे भाग पण बटणांची मांडणी नेहमीचीच, उदाहरणार्थ किनेसिसचा फ्रीस्टाइल. तिसरी म्हणजे बटणं उभ्या स्तंभांत आणि प्रत्येक स्तंभ बोटाच्या लांबीनुसार वर-खाली: अर्गोडॉक्स, मूनलँडर, लिली५८, कॉर्ने. नेहमीच्या कीबोर्डवर ओळी एकमेकींपासून सरकलेल्या असतात, कारण टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखालची पट्टी दुसऱ्या पट्ट्यांच्या मधून काढावी लागायची. आता पट्ट्या गेल्या, सरकणं राहिलं. डाव्या हाताला ते उलट्या दिशेचं पडतं. स्तंभांची मांडणी हाताला बरी वाटते ती म्हणूनच.

पण तू मराठी टाइप करतोस, आणि स्प्लिटची शिफारस करणारे बहुतेक जण इंग्रजीपुरताच विचार करतात. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. हात आलटून-पालटून चालतात, म्हणून ही मांडणी दोन भागांच्या कीबोर्डवर सुरेख बसते. अडचण उजव्या करंगळीची आहे. ज, च, ट, ड, य ही सगळी तिच्याच वाट्याला. करंगळीचा स्तंभ खाली उतरवलेला बोर्ड असेल तर तिला खरोखर आराम मिळतो.

कॉर्नेसारखा ४२ बटणांचा बोर्ड दिसायला देखणा आहे, पण मराठीसाठी तो घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या उजव्या भागात पीच्या पुढे एकच बटण आहे, आणि तिथे सहसा बॅकस्पेस असतो. ‘ड’ आणि ‘ढ’ राहतात चौकटी कंसाच्या बटणावर, ते दुसऱ्या लेअरमध्ये जातं, म्हणजे आणखी एक बटण धरून ठेवल्यावरच मिळतं. ‘कृपया’मधला ‘ृ’ बरोबरच्या चिन्हावर, ‘डॉक्टर’मधला ‘ॉ’ उलट्या तिरक्या रेघेवर. तीही बटणं लेअरमध्येच. आकड्यांची ओळ नसल्यामुळे ज्ञ, त्र, क्ष, श्र यांची थेट बटणंही जातात. घ्यायचाच हट्ट असेल तर बॅकस्पेस अंगठ्याखाली आण आणि त्या जागी चौकटी कंस बसव, म्हणजे निदान ‘ड’ हाताशी राहील. त्यापेक्षा ५८ किंवा जास्त बटणांचा, आकड्यांची ओळ असलेला बोर्ड बघ. कीबोर्डला मराठी येत नाही, तो फक्त कोणतं बटण दाबलं ते कळवतो आणि अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून बोर्डात इन्स्क्रिप्ट आहे का, असं दुकानदाराला विचारून उपयोग नाही. ती सगळी बटणं जागेवर आहेत का ते मोज.

छोट्या बोर्डांवर एक युक्ती फार लोकप्रिय आहे. मधल्या ओळीतलं अक्षर टिचकीसारखं दाबलं तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल किंवा ऑल्ट. इन्स्क्रिप्टमध्ये डावीकडच्या त्या चार बटणांवर ो, े, ् आणि ि आहेत, उजवीकडच्या चारांवर र, क, त, च. म्हणजे मराठीत सतत लागणारी चिन्हं. क्यूएमके हे फर्मवेअर (कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) मुळात २०० मिलिसेकंदांवर टिचकी की धरणं ते ठरवतं. हलन्त देताना बोट जरा रेंगाळलं की जोडाक्षराऐवजी भलताच शॉर्टकट चालतो आणि अर्धा परिच्छेद नाहीसा होतो. हे करू नकोस. शिफ्ट मात्र अंगठ्याखाली आण. ण, ळ, श, ष, भ, ध, थ, अ, आ, इ या सगळ्यांना शिफ्ट लागते. मराठीत करंगळी थकते ती त्यामुळेही.

दोन्ही भागांच्या आतल्या कडा उचलून उतार देतात, त्याला टेंटिंग म्हणतात. तळहात पूर्ण पालथा करून ठेवला की कोपराखालचा हात पिळला जातो; उतार तो पीळ कमी करतो. सुरुवात १० अंशांपासून कर. भाग १५ सेंटीमीटर रुंद असेल तर आतली कड २.६ सेंटीमीटर उचलायची, २० अंशांना ५ सेंटीमीटर. इथेच मघाशी म्हटलेली गोष्ट येते: उतार दिला की हात वर जातो, आणि आधीच उंच असलेल्या टेबलावर खांदे आणखी चढतात. दर वेळी उतार वाढवलास की खुर्ची पुन्हा जुळव. पाम रेस्ट (कीबोर्डपुढे हात टेकवायची पट्टी) घेतलास तर त्यावर तळव्याची गादी टेकव, मनगटाची आतली बाजू नको, आणि तीही थांबल्यावर. टाइप करताना हात तरंगता असू दे. दोन भागांमधलं अंतर आधी खांद्याइतकं ठेव आणि मग २-२ सेंटीमीटर जवळ आणत जा, मनगट सरळ दिसेपर्यंत. खूप फाकवणं हीसुद्धा नवशिक्याची नेहमीची चूक.

वायरवाल्या जोड्यांत दोन भागांमधली टीआरआरएस केबल चालू असताना कधीही काढू-घालू नकोस. तिचं टोक हेडफोनसारखं असतं. ते आत-बाहेर होताना शेजारचे संपर्क क्षणभर जोडले जातात आणि कंट्रोलर, म्हणजे बोर्ड चालवणारी चिप, जळू शकतो. आधी यूएसबी काढ, मग ती. जादा केबल घरात ठेव. वायरलेसमध्ये कॉम्प्युटरशी बोलणारा भाग, बहुतेक वेळा डावा, लवकर चार्जिंगला येतो. बिघाड समजून परत पाठवू नकोस. सुटे भाग घेऊन स्वतः जोडणार असशील तर प्रत्येक बटणाला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लागतो, आणि उलटा बसला तर तेवढंच बटण मुकं होतं. स्विच (बटणाखालची दाबली जाणारी डबी) बसवण्याआधी चिमट्याने प्रत्येक जागा जोडून तपास. टाइप-सी कंट्रोलरच घे. जुन्या मायक्रो यूएसबीची तोंडं उखडतात.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर जाऊन स्विच बोटाखाली दाबून बघ, पण स्प्लिट तिथे हाताळायला मिळेल या भरवशावर राहू नकोस. दाबायला साधारण ४५ ग्रॅम जोर लागणारा, खटका नसलेला किंवा हलका खटका असलेला स्विच घे. क्लिक आवाजाचा नको, ऑफिसात शेजारी वैतागतील. परदेशातून मागवलास तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत लाव, आणि परत पाठवायचा झाल्यास भाडं कोण भरणार ते आधी विचार. ऑफिसात सॉफ्टवेअर टाकायला बंदी असेल तर मांडणी बोर्डाच्याच मेमरीत साठवली जाते असा घे. घरी बदललेलं तिथे तसंच चालतं. बाहेरचं यूएसबी उपकरण चालतं का ते मात्र आयटीवाल्यांना लेखी विचार.

शिकायला वेळ लागतो. नेहमीच्या मांडणीचा स्प्लिट आठवडाभरात हाताला बसतो, स्तंभांच्या बोर्डाला तीन-चार आठवडे धर. सुरुवातीला वेग निम्म्याखाली जाईल. प्रोजेक्टची तारीख जवळ असताना किंवा स्मरणिका छपाईला जायच्या आठवड्यात बदल करू नकोस. एका वेळी एकच बदल: आधी दोन भाग, मग उतार, मग अंगठ्याची बटणं. दुखणं आहे तोवर वेग वाढवायचा सराव बंद. सीपीसीटी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारची संगणक आणि टायपिंगची परीक्षा, द्यायचा विचार असेल तर तिथे केंद्रावरचा साधाच कीबोर्ड मिळतो, म्हणून परीक्षेआधी रोज थोडा वेळ साध्यावर बस. दोन्हींची सवय एका वेळी राहू शकते, स्तंभांच्या बोर्डाच्या बाबतीत तर विशेष, कारण हाताला दोन्ही अगदी वेगळे लागतात.

माझा कल विचारशील तर तुला दोन वेगळे भाग, नेहमीची मांडणी आणि पूर्ण आकड्यांची ओळ असलेला कीबोर्ड. वर्षभराने स्तंभांकडे जावंसं वाटलं तर बघू. पण आधी मला चार गोष्टी कळव: कोपराची उंची, टेबलाची उंची, दुखण्याची जागा, आणि ते दिवसा वाढतं की रात्री. घरच्या आणि ऑफिसच्या टेबलांची मापं वेगवेगळी लिही.

तुझा,
काका