चर्चची सेवा करून थकायला होतं, शांतवेळ होत नाही. विसावा आणि सेवा याचा समतोल कसा साधायचा?

तुम्ही लिहिलंय की संडे स्कूल, कोयर, आजाऱ्यांच्या भेटी, कॉटेज मीटिंगचा (घरोघरच्या प्रार्थनासभेचा) चहा सगळं तुमच्याच गळ्यात आहे, सकाळची शांतवेळ, म्हणजे एकटीने बसून प्रार्थना आणि बायबल वाचणं, होत नाही, आणि वरून कुणीतरी ऐकवलं की "तू मार्था झालीयेस, मरिया हो". बायबलातली गोष्ट अशी की प्रभू येशू घरी येतो तेव्हा मार्था स्वैपाकात धावपळ करते, तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, आणि प्रभू मरियेची बाजू घेतो. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले, नाहीतर मी इथे नुसती वाचते.

मी मिरजेची, मिशन दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता रिटायर्ड. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा मिरजेत शाळा, मंगल कार्यालयं, जिथे जागा मिळेल तिथे माणसं आणून ठेवली होती. आमच्या चर्चच्या हॉलमध्येपण होती. महिला मंडळाने चूल हातात घेतली. कुणी पीठ आणलं, कुणी सिलिंडर, आणि भाकऱ्या, पिठलं, भात-आमटी, लहान पोरांना दूध, रात्री कुणाला ताप कुणाला जुलाब, ते माझ्याकडे. प्रार्थना काय, परातीवर वाकून जी होईल ती. पाणी ओसरलं, माणसं घराकडे गेली, गाळ काढायला आमच्यातल्या काहीजणी त्यांच्यासोबत गेल्या. आणि त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या एका वडिलांनी, म्हणजे एल्डरनी, वचन सांगितलं, ते कुठलं, तर मार्था आणि मरिया! "भगिनींनो, तुम्ही धावपळ केलीत, पण प्रभूच्या पायाजवळ बसायचं राहून गेलं."

हे वडील म्हणजे आमचे धाकटे दीर. संध्याकाळी चहाला आमच्याकडेच.

"वहिनी, राग मानू नका, पण शुक्रवारची प्रार्थनासभा बुडाली की नाही?"

म्हटलं, "भावजी, ज्या हॉलमध्ये सभा होते तिथे माणसं झोपली होती."

"मग घरी घ्यायची."

"घरी भाकऱ्या चालल्या होत्या."

आमचे मिस्टर पेपरमधून डोकं वर काढेनात. त्या सगळ्या दिवसांत भावजी रोज सकाळी हॉलमध्ये येऊन पूरग्रस्तांसाठी फार सुंदर प्रार्थना करायचे, नंतर नाश्ता करायचे आणि ताटली तिथेच ठेवून जायचे. ती ताटली कोण धुतं हा प्रश्न त्यांना आजतागायत पडलेला नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या ताटलीपाशीच आहे.

लूकचा दहावा अध्याय जरा मागून वाचा. मार्थेच्या घरची गोष्ट येते त्याच्या अगदी आधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, वाटेत लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, पैसे भरले. तिथे प्रभू म्हणतो जा आणि तूही तसंच कर. प्रभूने मार्थेला स्वैपाक बंद कर असं म्हटलेलं नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करत बसलीस एवढंच म्हटलं. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला, मार्थेच्याच गावी, पुन्हा जेवण आहे, मार्था तिथेही वाढतेच आहे आणि तिला कुणी काही बोलत नाही. हे मी भावजींना दाखवलं होतं. म्हणाले, "संदर्भ वेगळा आहे." बरं.

आता तुमचं. समतोल हा तुमच्या एकटीच्या मनात साधायचा प्रकार नाहीये, इथेच सगळे उपदेश चुकतात. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याची, आज्ञा बघा, त्यात तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळे मोजलेत. घरधन्याने विसावा घ्यायचा आणि दासीने चूल फुंकायची असा विसावा तिथे नाहीच. एकाची शांतवेळ दुसऱ्याच्या कंबरेवर उभी असेल तर तिला मी आळसच म्हणते. तुमच्याच साताऱ्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या वर्षांत देवाचा दरबार, म्हणजे ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांचा मेळा, मांडला, माणूस फार मोठा, अभंग तर काय विचारता, पण दारी येणाऱ्या माणसांचं जेवणखाण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच बघितलं असणार ना.

दवाखान्यात ड्युटी संपली की हँडओव्हर देऊन घरी जायचं, पेशंट माझा म्हणून वॉर्डातच बसून राहिले तर पहाटे चुकीचं इंजेक्शन मीच देणार. चर्चमध्ये हँडओव्हरच नाही! एकदा संडे स्कूल घेतलं की केस पांढरे होईपर्यंत तुमचं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशेसुद्धा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, सासऱ्याने येऊन सांगितलं की असं करशील तर तू पण झिजशील आणि लोकपण, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि त्याने सासऱ्याचं ऐकलं, हे विशेष.

थकवा फार असेल तर मात्र आधी झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला शांतवेळेवर लेक्चर दिलं नाही, दूताकडून भाकरी-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं, मग होरेब डोंगराची वाट. कुठलीही नर्स याच क्रमाने सांगेल. झोप लागतच नसेल, रडू येत असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.

हां, प्रार्थना करणारे सगळे कामचुकार असतात असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत, त्या मंडळीतल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात, त्यांच्याइतकी सेवा माझ्याने झालेली नाही. प्रभू स्वतः गर्दी सोडून डोंगरावर जायचाच, नावेत उशी घेऊन झोपलाही. पण आजींना ताटली उचलता येत नाही, भावजींना येते.

पाळकसाहेबांना सरळ सांगा की नाताळानंतर मी एवढंच करणार, बाकीला माणूस बघा. तोंडी नको, लिहून द्या, तोंडी सांगितलेलं सेशनपर्यंत, म्हणजे वडिलांच्या कमिटीपर्यंत, पोचत नाही. संडे स्कूल तेवढं सोडू नका, पोरांना शिकवणारी माणसं मिळत नाहीत. कोयर सोडा. तिथे माइक असतो, माणसं आपोआप येतात.