तटरक्षक दल नौदलाचा भाग आहे का?

प्रश्न : आमच्या मालवणच्या समुद्रात कधी राखाडी, तर कधी पांढरी गस्ती जहाजे दिसतात. ही दोन्ही नौदलाचीच का? सैन्यदले तीनच असतील, तर तटरक्षक दल कशात मोडते?
– एक वाचक, मालवण

उत्तर : राखाडी जहाज नौदलाचे आणि नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, तिरका पट्टा असलेले पांढरे जहाज तटरक्षक दलाचे, ही खूण सहसा पुरते. भूदल, नौदल व हवाई दल या तिन्हींपैकी कशातही तटरक्षक दल मोडत नाही. १९७८ च्या कायद्याने ते केंद्राचे स्वतंत्र सशस्त्र दल ठरले. सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाकडे असले, तरी तटरक्षक दल मात्र नौदलाप्रमाणे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे आपल्यासारखा प्रश्न अनेकांना पडतो.

साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी बोकाळली होती आणि तस्करांच्या वेगवान होड्यांमागे युद्धनौका धाडत राहणे नौदलाला परवडणारे नव्हते. त्यातच १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात मुंबई हाय येथे तेल सापडले, आणि १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या, मासळीवर व खनिजांवर भारताने आपला हक्क प्रस्थापित केला. एवढ्या दर्याची राखण करायला वेगळे दल हवे, अशी शिफारस रुस्तमजी समितीने केली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या अवघ्या सात जहाजांनिशी कामाला सुरुवात झाली.

युद्ध लढणे हे नौदलाचे मुख्य काम, तर एरवी समुद्रावर कायद्याचा अंमल राखणे हे तटरक्षक दलाचे. घुसखोरी करणारे परकी ट्रॉलर पकडणे आणि तेलगळती आवरणे ही कामे त्यातच येतात; परंतु इंजिन बंद पडलेली बोट वादळात भरकटत असताना तांडेलासह (बोटीच्या प्रमुखासह) सगळ्या खलाशांना एकेक करून वर ओढून घेणे, हे मला या दलाचे सर्वांत मोलाचे काम वाटते. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी मासेमारी बोट बळकावूनच आले होते. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आणि १२ सागरी मैलांच्या आतील सुरक्षेची तटरक्षक दलाकडे सोपवण्यात आली. किनाऱ्यालगत सागरी पोलीसही गस्त घालतात.

आपल्या ओळखीचे कोणी मासेमारीला जात असतील, तर त्यांच्या घरच्यांना १५५४ हा क्रमांक अवश्य लिहून द्यावा. समुद्रातील संकटाच्या वेळी तो थेट तटरक्षक दलाकडे लागतो.